हायस्कूलमध्ये बदल राबवायचा तर आधी वेळापत्रक उघडा (मुख्याध्यापकांसाठी धागा)

खडूडस्टर:

नव्या मुख्याध्यापकाने शाळेत काही बदलायचं म्हटलं की चर्चा फिरून दोनच वाक्यांवर येते: 'स्टाफ ऐकत नाही' आणि 'संस्था पाठीशी नाही'. दोन्ही खरं असेल. पण त्यावर गाऱ्हाणी घालून झाली आहेत, इथे कामाचा तपशील हवा आहे.

सगळ्यांनी एकच नमुना शाळा डोळ्यांसमोर ठेवूया. तालुक्याच्या गावातलं अनुदानित हायस्कूल, पाचवी ते दहावी. पाचवी ते सातवी दोन-दोन आणि आठवी ते दहावी तीन-तीन, अशा १५ तुकड्या. आठवीपासून वर वर्गात ५५ मुलं. मुख्याध्यापक सोडून २२ शिक्षक. तासिका ३५ मिनिटांची. सोमवार ते शुक्रवार आठ, शनिवारी पाच.

मुख्याध्यापकांना तीन गोष्टी करायच्या आहेत. आठवी-नववीत ज्यांना धड वाचता येत नाही त्यांच्यासाठी स्तरानुसार गट. विज्ञानाला जोडतासिका, म्हणजे सलग दोन तासिका. आणि वर्गनिरीक्षण 'फलकलेखन सुंदर, वर्गनियंत्रण उत्तम' या शेऱ्यांच्या पुढे नेणं.

सुरुवात कुठून? काय अडेल, का अडेल? 'आमच्या शाळेत एकदा...' अशा आठवणी नकोत, त्याला वेगळा धागा आहे.

तासिका_पंचेचाळीस:

आधी हिशेब करा, भाषण नंतर.

पाच दिवस आठ आणि शनिवारी पाच म्हणजे आठवड्याच्या ४५ तासिका. १५ तुकड्यांच्या मिळून ६७५. बावीस जणांत वाटल्या की प्रत्येकी सुमारे ३१. म्हणजे कागदावर दर माणशी १४ ऑफ (मोकळे) तास उरतात. मुख्याध्यापकांना हे १४ दिसतात आणि वाटतं, वेळ तर आहे की.

आता रोज तीन शिक्षक शाळेत नाहीत असं धरा. एक रजेवर, एक प्रशिक्षणाला, एक तहसीलमध्ये किंवा निवडणुकीच्या कामाला. तिघांच्या ३१ प्रमाणे आठवड्याला ९३ बदली तास झाले. ते उरलेल्या १९ जणांच्या २६६ ऑफ तासांतून जाणार, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त. हाती राहिले दर माणशी नऊ, म्हणजे सव्वापाच तास. मराठीच्या बाईंकडे पाच वर्ग असतील तर वह्या २७५. एका वहीला दोन मिनिटं दिली तरी नऊ तासांच्या वर. म्हणजे बदलाचा विषय निघण्याआधीच त्या वह्या घरी नेताहेत.

म्हणून पहिलं काम नवीन सुरू करण्याचं नाही, काहीतरी बंद करण्याचं. शिक्षकांकडून यादी मागवा: एकच माहिती दोनदा कुठे लिहावी लागते? कॅटलॉगमध्ये हजेरी, पुन्हा वेगळ्या वहीत मासिक गोषवारा, पुन्हा ऑनलाइन. दिनविशेषाचा प्रत्येक कार्यक्रम, त्याचा अहवाल, छायाचित्रांची फाइल. माध्यमिक शाळा संहितेने किंवा खात्याने मागितलेलं आणि शाळेनेच कधीतरी लावून घेतलेलं, अशा दोन रांगा करा. दुसरी रांग नेहमीच अपेक्षेपेक्षा लांब निघते. त्यातलं निदान एक काम जाहीरपणे, सूचना वहीत लिहून, बंद करा आणि मगच नव्या कामाचं नाव काढा.

मधली_सुट्टी:

ते दिनविशेष बंद करा म्हटलं की समूह साधन केंद्रातून फोन येतोच, 'फोटो कुठे आहेत?' 😀

तासिका_पंचेचाळीस:

कार्यक्रम बंद करा म्हटलं नाही. परिपाठात दहा मिनिटांत होतो तो होऊ द्या. पाच पानी अहवाल आणि बॅनरचा खर्च थांबवा. एक फोटो, तीन ओळी, लिपिकाकडे जमा.

जुना_पर्यवेक्षक:

वरचा हिशेब बरोबर आहे, पण शाळेत तो आधीपासून एका माणसाला पाठ असतो: वेळापत्रक बनवणारे सर. बहुतेक हायस्कुलांत हे काम वर्षानुवर्षं एकाच ज्येष्ठ शिक्षकाकडे असतं. शेवटचा तास ऑफ कुणाला, शनिवारी दोनच तासिका कुणाला, सलग चार तास कुणाच्या माथी, ही शाळेतली खरी सत्ता. नवीन मुख्याध्यापक सभेत संकल्पना मांडतात, सगळे माना डोलावतात, आणि मग वेळापत्रकवाले सर शांतपणे सांगतात, 'बसत नाही सर.' तिथे विषय संपतो.

त्यांना डावलून संगणकावर वेळापत्रक काढायला जाऊ नका. सॉफ्टवेअर तासिका बसवतं, पण संगीताच्या मॅडम बुधवारी दुसऱ्या शाखेत असतात हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. त्यांच्या शेजारी बसा आणि भरण्याचा क्रम तेवढा बदलून घ्या. नेहमी आधी गणित-इंग्रजी सकाळी बसवतात आणि उरलेलं कोंबतात. त्याऐवजी:

आधी अर्धवेळ आणि दोन शाखांत वाटलेले शिक्षक, प्रयोगशाळा, मैदान. कारण इथे पर्याय नसतो.
मग गटांसाठीच्या समांतर तासिका.
मग जोडतासिका.
त्यानंतर गणित, इंग्रजी आणि बाकी सगळं.

समांतर म्हणजे आठवीच्या तिन्ही तुकड्यांना एकाच वेळी मराठी. त्याला एका वेळी तीन मराठीचे शिक्षक लागतात. शाळेत तीनच असतील तर त्या वेळी दुसऱ्या कुठल्याही वर्गाला मराठी ठेवता येत नाही. म्हणूनच शेवटी बसवायला गेलं की 'बसत नाही' हे खरंच ठरतं. आधी बसवलं की बसतं.

आणि हे सगळं एप्रिलमध्ये. जूनमध्ये रुजू होऊन पंधरा दिवसांत नवं वेळापत्रक लावणाऱ्यांचं ऑगस्टमध्ये तिसरं वेळापत्रक लागलेलं असतं. कार्यभार वाटप एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, मे महिन्यात कच्चा तक्ता, शाळा उघडल्यावर तीन दिवस चाचणी म्हणून चालवायचा, चौथ्या दिवशी पक्का. चाचणीच्या तीन दिवसांत एकाच वेळी दोन वर्गांत दाखवलेले एक-दोन शिक्षक हमखास सापडतात.

अक्षरवाट:

वाचनगटांबद्दल.

चाचणी साधी ठेवा. 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणातली वाचनचाचणी बहुतेकांना माहीत आहे: अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट. आठवीसाठी तेवढी पुरत नाही, कारण यातली बहुसंख्य मुलं अक्षरं ओळखतात. ती अडखळतात रफारावर, ट्र-क्र मधल्या र वर, जोडाक्षरांवर आणि 'स्वातंत्र्यलढ्यातल्यांपैकी' अशा प्रत्यय चिकटलेल्या लांब शब्दांवर. म्हणून पाचवीच्या पातळीचा, मुलांनी न पाहिलेला, साधारण दीडशे शब्दांचा उतारा घ्या. एक मिनिट मोठ्याने वाचन, मग समजलं का हे पाहणारे तीन प्रश्न. नोंदीसकट एका मुलाला तीन मिनिटं.

आठवीत १६५ मुलं, म्हणजे ४९५ मिनिटं. सहा शिक्षकांत वाटलं तर प्रत्येकी साडेब्याऐंशी मिनिटं, अडीच तासिकांचं काम. दोन दिवसांत उरकतं. वर्गशिक्षकाने स्वतःच्या वर्गाची चाचणी घेऊ नये. माया आडवी येते आणि आकडे फुगतात. वर्गासमोर तर मुळीच घेऊ नका, व्हरांड्याच्या टोकाला टेबल टाका. जूनमध्येही नको, दाखले आणि प्रवेश चालू असतात. जुलैचा पहिला आठवडा ठीक.

गट समान आकाराचे करू नका, हीच सर्वांत मोठी चूक. सर्वांत अडलेला गट २५ चा, मधला ५५ चा, उरलेली ८५ मुलं तिसऱ्यात. ८५ एका खोलीत मावत नाहीत, म्हणून सभागृह किंवा प्रयोगशाळेसमोरची मोकळी जागा आधीच ठरवा. त्या गटाला स्वतः वाचून करण्याचं काम देता येतं. पंचवीसचा गट मराठीच्या सर्वांत अनुभवी शिक्षकाकडे. तो नव्या शिक्षणसेवकाच्या गळ्यात घातला की तिसऱ्या आठवड्यात त्या खोलीत गोंगाट आणि सहाव्या आठवड्यात शुद्धलेखनाची दहा-दहा पानं सुरू झालेली असतात.

गटांना रंगांची, फुलांची, नद्यांची नावं देऊन काही साधत नाही. गोदावरी म्हणजे कोण हे मुलांना दुसऱ्या दिवशी कळतं. खोली क्रमांक म्हणा, पुरे.

नवी_बाई:

पण पोर्शनचं काय? आठवड्याला तीन तासिका गटात गेल्या तर घटक चाचणीपर्यंत पाठ कसे संपणार? तपासणीला कुणी आलं आणि पाठाच्या टाचणात पाठ मागे दिसला तर बोलणी शिक्षकालाच बसतात, मुख्याध्यापकांना नाही.

अक्षरवाट:

हा प्रश्न सभेत उघडपणे कुणी विचारत नाही, पण गट बंद पडतात ते यावरूनच.

उत्तर कागदावर द्यावं लागतं. गट सुरू होण्याआधी मराठीच्या तिघांनी बसून ठरवायचं: कोणते पाठ पूर्ण शिकवायचे, कोणते प्रकट वाचन आणि चर्चेवर भागवायचे, कोणत्या कविता स्वाध्यायाला सोडायच्या. त्याप्रमाणे घटक नियोजन आणि मासिक नियोजन नव्याने लिहायचं आणि त्यावर मुख्याध्यापकांनी तारखेसह सही करायची. घटक चाचणीचा अभ्यासक्रमही त्याच कागदाप्रमाणे. मग तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांपुढे शिक्षक एकटा नसतो. ती सही नसेल तर शिक्षक गटाच्या तासिकेत पाठच शिकवणार. त्यात त्याची काय चूक?

दुसरं, गटात वाचायला इतिहास आणि विज्ञानाचीच पुस्तकं घ्या. मुलं खरी तिथेच अडतात, आणि त्या विषयांच्या शिक्षकांचा विरोधही सौम्य होतो, कारण त्यांचाच पाठ आधी एकदा वाचून झालेला असतो.

खडूडस्टर:

पंचवीसच्या गटातली ३५ मिनिटं कशी वापरायची?

अक्षरवाट:

पाच मिनिटं शिक्षकाने वाचायचं आणि मुलांनी ओळीवर बोट ठेवायचं. दहा मिनिटं जोडीने एकमेकांना वाचून दाखवायचं. शिक्षक फिरत पाच-सहा जणांचं ऐकतो. आठ मिनिटं त्या दिवशीची एकच अडचण, म्हणजे रफार तर रफारच. मग दहा मिनिटं चार-पाच वाक्यं स्वतःची लिहायची, फळ्यावरून उतरवायची नाहीत. उरलेल्या दोन मिनिटांत वह्या गोळा. दर पाच आठवड्यांनी तीच तीन मिनिटांची चाचणी नव्या उताऱ्यावर, आणि मुलं दोन्ही दिशांनी हलली पाहिजेत. नुसती वर सरकवत राहिलात तर ८५ चा गट १२० वर जातो आणि त्याचा अर्थ प्रगती असतोच असं नाही.

जुना_पर्यवेक्षक:

एक इशारा. 'गट', 'पुनर्रचना', 'तुकड्या एकत्र' हे शब्द सभेत जपून वापरा. १५ मार्च २०२४ च्या संच मान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, शासन निर्णयापासून शिक्षकांचे कान या शब्दांना टवकारलेले आहेत. मुख्याध्यापक म्हणतात, 'तीन तुकड्यांचे गट करू' आणि खाली ऐकू येतं, 'एक तुकडी जाणार, कुणीतरी अतिरिक्त ठरणार'. पहिल्याच सूचनेत लिहा की तुकड्या, कॅटलॉग, वर्गशिक्षक, यू-डायसमधली (सरकारच्या शाळा-माहिती प्रणालीतली) नोंद, यातलं काहीही बदलत नाही. फक्त आठवड्याच्या तीन तासिकांना मुलं खोली बदलतात. हे एक वाक्य राहिलं तर पुढचे सहा महिने कुजबुज निस्तरण्यात जातात.

हिशेबनीस:

गट यशस्वी झाला की नाही हे मुलांच्या गुणांवरून ठरवण्याआधी एक वेगळी नोंद ठेवा: ठरलेल्या किती तासिका खरंच झाल्या?

जुलैच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत सण, चाचण्या वजा जाता दहा आठवडे मिळतात. आठवड्याला तीन, म्हणजे ३० तासिका. स्टाफरूमच्या दारामागे एक तक्ता लावा, तारीख आणि झाली / नाही झाली, नाही तर कारण एका शब्दात. रजा, बदली, सभा, कार्यक्रम, पाऊस. २४ च्या वर झाल्या असतील तर शिकवण्याच्या पद्धतीवर बोला. १५ झाल्या असतील तर पद्धतीवर बोलण्यात अर्थ नाही, तासिका कुणी खाल्ल्या ते पाहा. बहुतेक वेळा खाणारं ऑफिसच असतं. बदली तास लावताना पर्यवेक्षकांना सर्वांत सोपा माणूस दिसतो तो गटाचा शिक्षक, कारण 'त्याची मुलं आज दुसऱ्या गटात बसतील'. त्यामुळे गटाच्या आणि जोडतासिकेच्या शिक्षकाला त्या वेळी बदलीवर काढायचं नाही, हा नियम बदली तासाच्या वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा आणि मुख्याध्यापकांनीही तो पाळा. 'मॅडम, जरा पाहुणे आलेत, पाच मिनिटं या' हासुद्धा तो मोडण्याचाच प्रकार.

अशैक्षणिक कामांचं म्हणाल तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीचीच मुभा देतं. बाकी पत्रांना नम्र उत्तर लिहिण्याचं काम मुख्याध्यापकांचं आहे, शिक्षकाला पाठवून मोकळं व्हायचं नाही.

करडी_शिस्त:

तुम्ही सगळे फार मऊ बोलताय. त्याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास आहेत, तयारीसकट. थांबा म्हणावं शाळेत. नाही थांबले तर ज्ञापन, म्हणजे मेमो. दोन ज्ञापनं गेली की सगळे सरळ होतात.

जुना_पर्यवेक्षक:

ती तरतूद आठवीपर्यंतच्या शिक्षकांसाठी आहे. नुसत्या नववी-दहावीच्या शिक्षकाला ती दाखवून उपयोग नाही. आणि ज्ञापनाने माणूस शाळेत थांबतो, पण त्याने काम होतं असं कुठे आहे? तो साडेपाचपर्यंत बसेल आणि टाचण लिहील. ज्ञापन वर्गावर न जाण्यासाठी, मुलाला मारण्यासाठी, गैरहजेरीसाठी राखून ठेवा. ते नव्या पद्धतीच्या नाराजीवर खर्च केलं की खरी वेळ येते तेव्हा त्याची धार गेलेली असते. त्यातून खाजगी शाळा कर्मचाऱ्यांच्या १९८१ च्या नियमावलीप्रमाणे पुढची चौकशी चालवायची म्हणजे मुख्याध्यापकांचं अख्खं वर्ष.

करडी_शिस्त:

आठवीपर्यंतचं मान्य. बाकी मान्य नाही. काही माणसं शेवटपर्यंत हलत नाहीत.

जुना_पर्यवेक्षक:

नाही हलत. त्यांना गटात घेऊ नका, दहावीच्या उजळणीला ठेवा. बावीसपैकी बावीस लागत नाहीत, आठवीच्या गटांना तीन लागतात.

टोलवाला:

जोडतासिकेवर लिहितो, कारण तिचा संबंध टोलाशी, म्हणजे शाळेच्या घंटेशी, आहे.

३५ अधिक ३५ म्हणजे ७० मिनिटं. प्रयोगाच्या मांडणीला आणि आवरायला वीस गेली तरी पन्नास उरतात, एरवी पंधरा उरतात. ५५ मुलं प्रयोगशाळेत एकदम नेऊ नका. २७-२८ चे दोन भाग, एक प्रयोगावर, दुसरा त्याच खोलीत निरीक्षणं आणि आकृत्यांवर, मध्यावर अदलाबदल. परिचरांना आदल्या दिवशी दुपारी साहित्याची चिठ्ठी मिळाली नाही तर पहिली पंधरा मिनिटं स्पिरिटचा दिवा शोधण्यात जातात. आणि जोडतासिका आठवड्यातून एकच, फार तर दोन. रोज दिली की ३५ मिनिटं व्याख्यान, ३५ मिनिटं प्रश्नोत्तरं उतरवून घेणं, हेच होतं. जेवणानंतर तर देऊच नका.

आता टोल. तासिकांची लांबी किंवा सुट्टीची वेळ हलवली की सर्वांत आधी तीन ठिकाणी दुखतं. शिपाईमामांना नवं कोष्टक मोठ्या अक्षरांत लिहून द्या, तोंडी सांगू नका. पोषण आहार आठवीपर्यंत आहे, तेव्हा स्वयंपाक करणाऱ्या ताईंना दहा मिनिटांचा फरक एक आठवडा आधी कळवा, नाहीतर भात शिजायचा असताना रांग लागते. आणि स्वच्छतागृहं. ४०० मुली, सहा जागा, १५ मिनिटांची सुट्टी. एकीला दीड मिनिट धरलं तर एका जागेवर दहा जणी, सहा जागांवर ६०. म्हणून मुली पाणी पिणंच टाळतात. सुट्टी दोन टप्प्यांत करा, पाचवी ते सातवी आधी, आठवी ते दहावी नंतर, आणि जोडतासिकेच्या मध्ये विचारून जायची मुभा स्पष्ट सांगा. बदलाच्या आराखड्यात हे कुणी लिहीत नाही.

नवी_बाई:

+१. हे शेवटचं प्रत्येक मुख्याध्यापकांच्या टेबलावर लावा.

एसटी_पास:

गट शाळेच्या वेळेतच हवेत, हे कुणी ठासून सांगितलं नाही म्हणून सांगते. सगळ्यांत सोपी सूचना येते, 'जादा तास घेऊ, साडेपाचनंतर.' खेड्यावरची मुलं पाचच्या एसटीने जातात. पुढची गाडी सातची असेल तर आधी मुली गळतात, कारण अंधारात फाट्यावरून घरी चालत जायला घरचे नाही म्हणतात. मग जादा तासाला गावातलीच मुलं उरतात, ज्यांना त्याची सर्वांत कमी गरज होती. दहावीसाठी जादा तास घ्यायचेच असतील तर सकाळी घ्या, आणि त्याआधी आगार व्यवस्थापकांना गावांची नावं आणि प्रत्येक गावची पासधारक मुला-मुलींची संख्या जोडून शाळेच्या पत्रावर अर्ज करा. नुसतं 'गाडी लवकर सोडावी' असं लिहिलं तर अर्ज फायलीत जातो. मानव विकास कार्यक्रमातल्या, शाळकरी मुलींसाठीच्या निळ्या गाड्या असतील तर त्यांच्या फेऱ्या शाळेच्या वेळेला बांधलेल्या असतात; शाळेची वेळ बदलण्याआधी तिकडे बोला.

पालकसभेबद्दलही तेच. आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवली तर पालक येतात. सोयाबीन काढणीत ठेवली तर कोरमही होत नाही. मराठवाड्यात ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची गाठ दिवाळीआधीच घ्यायची, नंतर मूल गावात असलं तर आजीकडे असतं आणि तिला फोनवर संदेश पाठवून उपयोग नाही.

लॉगबुक:

निरीक्षणाचा विषय राहून गेला.

मुख्याध्यापकांनी तास पाहावा हे जुनंच आहे. बिघडलं ते असं, की वर्षातून दोनदा आधी सांगून पूर्ण तास पाहिला जातो, लॉगबुकात, म्हणजे निरीक्षणाच्या नोंदवहीत, शेरा पडतो आणि तोच शेरा गोपनीय अहवालात जाईल या भीतीने शिक्षक त्या दिवशी चार्ट आणि मॉडेल घेऊन येतो. दोन कामं वेगळी करा. अधिकृत लॉगबुक आहे तसं चालू द्या. त्याशिवाय आठवड्याला चार वर्गांत १२-१२ मिनिटं. मागच्या बाकावर बसा. २२ शिक्षकांची एक फेरी साडेपाच आठवड्यांत होते, म्हणजे आपण सहा धरू, तहसीलच्या बैठका आहेतच.

त्या १२ मिनिटांत शिक्षकाकडे नाही, मुलांकडे बघा. किती वेगवेगळ्या मुलांनी तोंड उघडलं? मागच्या दोन रांगांतली किती? फळ्यावरचं उतरवण्याखेरीज लेखन झालं का? तीन ओळी चिठ्ठीवर लिहा: एक मोजलेली गोष्ट, एक चांगली, एक प्रश्न. चिठ्ठी शिक्षकाला त्याच दिवशी द्या आणि तिची प्रत ठेवू नका. प्रत ठेवलीत की ती गोपनीय अहवालाची कच्ची नोंद झाली, हे स्टाफरूमला लगेच कळतं. ज्याच्याबद्दल खरंच प्रतिकूल लिहायचं आहे ते नियमाप्रमाणे लेखी कळवून लिहा, चिठ्ठीच्या आडून नको.

पहिल्या फेरीत प्रश्नही लिहू नका, नुसतं मोजा. आणि सुरुवात स्वतःच्या तासापासून: मुख्याध्यापकांचा तास आधी दोन शिक्षकांनी पाहायचा. याला टाळाटाळ करणारे बरेच निघतात, 'ऑफिसमध्ये काम असतं' म्हणून 🙂

हिशेबनीस:

मोजण्याबद्दल एक जोडतो. दहावीच्या निकालावर बदल तोलू नका. अंतर्गत मूल्यमापनाचे २० पैकी सरसकट १८ दिले की मुलाला लेखी ८० पैकी १७ वर ३५ गाठता येतात. शाळेचा निकाल ९५ टक्के लागतो आणि नववीचा मुलगा उतारा वाचू शकत नाही, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. संस्थेच्या बैठकीत निकालाचा तक्ता ठेवाल तेव्हा त्याशेजारी लेखी परीक्षेतले नुसते गुण लावून दाखवा. पहिल्या वर्षी ते कुणालाच आवडणार नाही.

गोंयकार_मास्तर:

आमच्याकडे उलटा प्रकार आहे. गोव्यात २०२५ पासून सहावी ते दहावीचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं, म्हणजे 'एप्रिलमध्ये ठरवा, जूनमध्ये सुरू करा' ही तुमची सोय राहिली नाही. कार्यभार वाटप परीक्षांच्या आधी, फेब्रुवारीतच उरकावं लागतं, नाहीतर पेपर तपासणी आणि नवीन वर्ग एकमेकांवर चढतात. त्यात वरून आलेला बदल आणि शाळेने ठरवलेला बदल एकाच वर्षी आणू नये. लोक दोन्हींचा राग एकाच माणसावर काढतात, आणि तो माणूस पणजीत बसलेला नसतो.

खडूडस्टर:

संस्था आणि मुख्याध्यापकांची बदली यावर कुणी लिहील का? रयत शिक्षण संस्थेसारख्या अनेक शाखांच्या संस्थांत मुख्याध्यापक तीन-चार वर्षांत हलतात, आणि एकट्या शाळांत ज्येष्ठतेने पद मिळेपर्यंत निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असतात.

जुना_पर्यवेक्षक:

मुख्याध्यापक शालासमितीचा पदसिद्ध सचिव असतो. हे पद इतिवृत्त लिहिण्यापुरतं समजू नका. एप्रिलच्या सभेत गटांचा ठराव घ्या: कोणत्या इयत्ता, किती तासिका, किती आठवडे, आढावा कोणत्या महिन्यात. ठरावात 'दर्जावाढीसाठी विविध उपक्रम' असं मोघम लिहू नका. मोघम ठराव पुढचा मुख्याध्यापक मोडतसुद्धा नाही, विसरतो. मुदतही लिहा. 'दिवाळीपर्यंत, नंतर आढावा' म्हटलं की विरोध करणारेही तेवढ्यापुरते कबूल होतात.

दोनच वर्षं हातात असतील तर तीनही गोष्टी घेऊ नका. वाचनगट घ्या, बाकी सोडा. पहिल्या वर्षी फक्त आठवी, दुसऱ्या वर्षी तीच मुलं नववीत जातील तेव्हा नववी. आणि पदभार देताना मालमत्तेच्या यादीबरोबर एक पान जोडा: समांतर तासिका कोणत्या, उताऱ्यांचा संच कुठल्या कपाटात, पंचवीसचा गट कोण घेतं, बदली तासाचा तो लाल शाईचा नियम.

प्रभारी असाल तर ठरावाशिवाय काहीच सुरू करू नका. सही तुमची चालते, शब्द चालत नाही.

लॉगबुक:

सभांबद्दल अर्धी ओळ: सूचना सूचना वहीत, चर्चा सभेत. व्हॉट्सॲप गटावर नवा उपक्रम जाहीर केला की त्याचा स्क्रीनशॉट संस्थेपर्यंत तुमच्या आधी पोहोचतो. महिन्यातून एकदा शनिवारी शाळा सुटल्यावर ४५ मिनिटं, विषय दोन, चिठ्ठी गुरुवारी फिरलेली.

नवी_बाई:

शनिवारी शाळा सुटल्यावर? एसटी_पास यांनी वर मुलांच्या गाडीचं लिहिलंय, निम्मे शिक्षकही त्याच गाडीने जातात. साडेअकराची गेली की पुढची दीडची. सभा शनिवारच्या शेवटच्या तासिकेला घ्या आणि त्या वेळी सगळ्या तुकड्या मैदानावर, दोन शारीरिक शिक्षणाच्या सरांकडे.

तासिका_पंचेचाळीस:

१५ तुकड्या दोघांकडे नको, पाचशेच्या वर मुलं होतात. पाचवी ते सातवी मैदानावर, आठवी ते दहावी वर्गात वाचनतासाला विद्यार्थी मंत्रिमंडळाच्या देखरेखीखाली, पर्यवेक्षक सभेत न बसता व्हरांड्यात. महिन्यातून एकदाच असल्याने चालेल. पण मग त्या शनिवारी शेवटच्या तासाला आठवी-नववीची समांतर तासिका ठेवू नका, नाहीतर तक्त्यावर दर महिन्याला एक 'सभा' लिहावी लागेल.

खडूडस्टर:

बरोबर. मी वरच्या नमुन्याप्रमाणे कच्चा तक्ता करत होतो, आठवीची तिसरी समांतर तासिका शनिवारी पाचव्या तासालाच लावली होती. बुधवारी तिसऱ्या तासाला करतो. संगीताच्या मॅडम त्या दिवशी दुसऱ्या शाखेत असल्या तरी अडत नाही.